पिंपातलं धुणं

शनिवारी सकाळी साडेदहाला धक्क्याची फळी करकरली आणि बोटीच्या पोटातून मिस्त्रींचा आवाज आला, "आली का सरकारी पाहणी?"

"आली," लेक म्हणाली. "जिवंत आहात का?"

"पाय पुसून ये. डेक आत्ताच पुसलाय."

डेक कधीच आत्ताच पुसलेला नसायचा. पण पायपुसणं म्हणून जे काही तिथे पडलेलं असायचं, त्यावर पाय पुसले तर ते आणखी काळे व्हायचे, म्हणून ती नुसती थोडा वेळ उभी राहायची आणि मग आत यायची. चार वर्षांचा रिवाज होता हा. दर शनिवारी तेच प्रश्न, तीच उत्तरं. दोघांनाही पाठ झाली होती, आणि पाठ झालेलं बोलायला बरं असतं. त्यात चुकून काही खरं निघून जायची भीती नसते.

मिस्त्रींनी आयुष्यभर बोटींची इंजिनं दुरुस्त केली. बायको गेल्यावर जमिनीवरचं घर त्यांना रुचेना, आणि भंगारात निघालेली एक जुनी मालवाहू बोट त्यांना रुचली. सोळा पावलं लांब, पाच पावलं रुंद. पुढे झोपायचा बाक, मधे शेगडी, मागे इंजिनाची खोली. नदीच्या या धक्क्याला अशा अकरा बोटी बांधलेल्या होत्या आणि प्रत्येकीत जमिनीशी भांडून पाण्यावर आलेलं एकेक माणूस होतं. भांडण मिटवायला जमीन काही तिथवर आली नव्हती.

बोटीवर सगळं मिळतं, गोडं पाणी तेवढं मोजून मिळतं. आठवड्यातून एकदा धक्क्याच्या नळाला पाइप लावून टाकी भरायची आणि ती आठवडाभर पुरवायची. तेव्हा पिण्याआधी धुण्याचा विचार करणारा माणूस बोटीवर टिकत नाही. आणि मिस्त्रींचे कपडे म्हणजे नुसते मळके नव्हेत. डिझेल, ग्रीस, काजळी आणि घाम यांचा तो एक वेगळाच पदार्थ होता. त्यांचा निळा बॉयलर सूट शुक्रवारपर्यंत इतका कडक व्हायचा की उभा केला तर उभा राहिला असता, आणि विचारलं असतं तर इंजिनाबद्दल चार गोष्टी सांगितल्याही असत्या.

यावर मिस्त्रींनी शोध लावला होता. तो शोध डेकच्या कडेला दोरीनं बांधून ठेवलेला असे: निळं प्लॅस्टिकचं पिंप, घट्ट झाकणाचं, वर लोखंडी कडी.

"जगातली यच्चयावत वॉशिंग मशीनं काय करतात?" नव्या माणसाला ते विचारायचे. नवा माणूस गोंधळायचा. "हलवतात. दुसरं काही करत नाहीत. मग माझी बोट काय करते?"

बोट हलायची. नदीतून मोठी बोट गेली की लाट यायची, मिस्त्रींची बोट डुलायची, पिंप डुलायचं, आतले कपडे डुलायचे. दोन मुठी धुण्याचा सोडा, साबणचुरा, कपभर रॉकेल, बारा गुळगुळीत गोटे आणि बादलीभर कोमट पाणी. झाकण लावायचं ते पुढच्या शनिवारपर्यंत उघडायचं नाही. "सात दिवस मुरलं पाहिजे," मिस्त्री सांगायचे, एखादं लोणचं घातल्यासारखं. त्यांचं ऐकून धक्क्यावर आणखी तिघांनी पिंपं बांधली होती. त्यांचे कपडे निघत नसत. मिस्त्री त्याचा दोष त्यांच्या बोटींच्या डुलण्याला द्यायचे.

कपडे मिस्त्रींचेही निघत नव्हते. हे फक्त लेकीला माहीत होतं.

चार वर्षांपूर्वी पहिलं पिंप तिनं उघडलं होतं. आत सूट होता तसाच होता. फरक एवढाच, की आधी मळ गुडघ्यावर आणि बाह्यांवर होता, तो आता कॉलरपासून पायापर्यंत सारखा पसरला होता. मळाचं इतकं न्याय्य वाटप तिनं कोणत्याही राजवटीत पाहिलं नव्हतं. ती हसणार, तेवढ्यात खालून मिस्त्रींचा आवाज आला. शेजारच्या बोटीवरच्या म्हाताऱ्याला ते खिडकीतून सांगत होते, "थांबा, आता बघा. पोरगी काढतेच आहे बाहेर."

तिनं सूट पिळला, आपल्या पिशवीत लायब्ररीच्या पुस्तकांखाली कोंबला आणि मिस्त्री त्या दिवशी लुंगीवर होते म्हणून पेटीत असलेला दुसरा, त्यातल्या त्यात स्वच्छ, पाण्यात बुचकळून दोरीवर टांगला.

तिथून सुरू झालं. मिस्त्रींकडे सूट दोन. एक अंगावर, एक पिंपात. तिनं गुपचूप तिसरा घेतला, त्याच निळ्या रंगाचा, त्याच मापाचा. आठ वेळा धुऊन त्याचा नवेपणा घालवला. कोपरांवर पॉलिशकागद घासून त्याला अनुभव दिला. मग दर शनिवारी घरून धुतलेला सूट पिशवीतून यायचा, बादलीत बुडायचा आणि दोरीवर चढायचा; पिंपातला पिशवीत जायचा; मिस्त्रींच्या अंगावरचा उतरून पिंपात. तीन सूट आणि दोन खोटी माणसं. दोन नव्हेत, एक. तेव्हा तरी ती एकच समजत होती.

घरी काम सोपं नव्हतं. जुन्या सुरीनं ग्रीस खरवडायचं, भांड्यांचा साबण चोळून कढत पाण्यात भिजत ठेवायचं, लोखंडी दातांच्या ब्रशनं घासायचं, मग दोनदा मशीनला लावायचं. मशीनला डिझेलचा वास कायमचा बसला, आणि मशीनमधून तो तिच्या साड्यांना लागला. ती ग्रंथपाल होती. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात रोज बसणाऱ्या एका निवृत्त न्यायाधीशांनी एकदा वाचनकक्षात जनरेटर बसवलाय का, असं विचारलं होतं. ती म्हणाली, प्रस्ताव गेलाय.

त्या शनिवारीही मिस्त्री अंगावरचा सूट बदलून, लुंगीवर, शेगडीपाशी गेले. जाण्याआधी खिशातली पेन्सिल काढून नव्या जागी ठेवावी म्हणून नुकत्याच उतरवलेल्या सुटाच्या छातीवर डाव्या बाजूला चाचपलं. तिथे काही हाती लागलं नाही, मग उजवीकडून काढली आणि कानावर खोचली.

"वय झालं तुमचं," ती म्हणाली. "स्वतःचा खिसा सापडत नाही."

"खिसे चुकतात गं. माणूस नाही चुकत," मिस्त्री म्हणाले आणि खाली गेले.

तिनं पिंप उघडलं, अदलाबदल केली, दोरीवर सूट टांगला. खालून किटलीवर चमच्याचे दोन टोले ऐकू आले. टण, टण. चहा झाल्याची ही त्यांची घंटा. टोले झाल्यावर मोजून पाव मिनिटात मिस्त्री दोन कप घेऊन वर आले आणि दोरीकडे बघून थांबले.

"आहे का तुझ्या त्या मशीनची टाप?"

"नाही बाबा."

"तू किती वर्षं मशीन वापरतेस आणि तुझ्या साडीला वास बघ कसला येतो."

"लायब्ररीत जनरेटर बसवलाय."

शेजारच्या बोटीवरून म्हाताऱ्यानं मान वर काढली. त्याला धक्क्यावर हवामानखातं म्हणत, कारण तो रोज अंदाज सांगायचा आणि लोक त्याच्या उलट वागून सुखी होते. "वाळेल तासाभरात," तो म्हणाला. "आज ढग येत नाही." आकाशात ढग होता. "मिस्त्री, तुमचं पिंप ते पिंप बुवा. माझ्यातून परवा शर्ट काढला तर तो बनियन निघाला."

"बोट डुलत नाही तुमची. पोटात सामान फार."

चहा झाला. दोरीवर चिमटे तीनच उरले होते, त्यातला एक तुटका. वाऱ्यानं सुटाचा एक पाय सारखा सुटून मिस्त्रींच्या पाठीवर लाथ मारत होता. ती निघायला उठली आणि दर आठवड्याला म्हणायची ते म्हणाली, "चला ना बाबा घरी. कशाला इथे ओलीत राहता?"

हे ती असं म्हणायची, जसं चपला घालून उभ्या राहिलेल्या पाहुण्याला आपण "जेवूनच जा" म्हणतो. पाहुण्यानं चपला काढू नयेत, अशी त्यात एक अट असते. मिस्त्री अट पाळायचे. "जमिनीवर झोप लागत नाही मला. हलत नाही ती," म्हणायचे. मग ती एक सुस्कारा सोडायची. लोकांना तो दुःखाचा वाटायचा.

त्या शनिवारी मिस्त्रींनी कपातला उरलेला चहा नदीत टाकला आणि पाण्याकडे बघत विचारलं, "ती मागची खोली आहे ना तुझी, तिच्यात अजून पुस्तकंच आहेत का गं?"

तिला ऐकू आलं. शब्द न् शब्द ऐकू आला. सेहेचाळिसाव्या वर्षी तिला पहिल्यांदा स्वतःचं, एकटीचं घर मिळालं होतं. संध्याकाळी सहानंतर त्या घरात पान उलटल्याचा आवाज हा सगळ्यांत मोठा आवाज असायचा. मिस्त्री आले असते तर त्यांनी न बिघडलेल्या वस्तू दुरुस्त केल्या असत्या, पहाटे साडेचारला खोकून उजाडवलं असतं, आणि जेवताना इंजिनाच्या आजारांचं वर्णन केलं असतं. हे सगळं तिच्या डोळ्यांसमोरून गेलं, आणि ती दोरीकडे बघत म्हणाली, "चिमटे फार कमी झालेत हो. पुढच्या शनिवारी घेऊन येते."

लाट आली. बोट डुलली. पिंपातले गोटे एकमेकांवर आपटले.

"आण," मिस्त्री म्हणाले. "लाकडी आण. प्लॅस्टिकचे टिकत नाहीत."

बुधवारी सकाळी नर्सबाईंचा फोन आला. त्या पलीकडच्या बोटीवर राहायच्या. छत्तीस वर्षं वॉर्डात काढलेल्या, त्यामुळे वाईट बातमी सांगताना त्या आधी हवापाण्याचं बोलत नसत. "तुझे वडील गेले," त्या म्हणाल्या. "पहाटे, झोपेत. मी साडेसातला बघितलं. त्रास झालेला दिसत नाही. बसली आहेस का तू?"

ती उभी होती. "बसले," ती म्हणाली.

शेवटी अंगावर कुठले कपडे घालायचे, हे नर्सबाईंनीच विचारलं. तिनं घरून सूट नेला. स्वच्छ, इस्त्रीचा. चार वर्षांत पहिल्यांदा तो बादलीत न बुडवता त्यांना घालता आला.

त्यानंतरचे दिवस भेटायला येणाऱ्यांचे होते. एक आत्या आली आणि "फार केलंस गं बाई त्याचं" म्हणून गेली. शेजारीण आली, तिनंही तेच म्हटलं. लायब्ररीतले न्यायाधीश आले, आणि त्यांनी तेच दीड पान लांबवून म्हटलं. लेक प्रत्येकाला चहा द्यायची. मागच्या खोलीचं दार तिनं लावून घेतलं होतं. तिथे पाहुण्यांच्या चपला ठेवायला चांगली जागा झाली असती.

दहा दिवसांनी, शनिवारी, साडेदहाला तिनं फळीवर पाय ठेवला. फळी करकरली. आतून कुणी काही बोललं नाही. ती सवयीनं पायपुसण्यापाशी थांबली आणि मग आत गेली. बोट रिकामी करायची होती. पिशवीत रिकाम्या पिशव्या होत्या आणि दोन डझन लाकडी चिमट्यांचं पाकीट होतं. ते तिनं आदल्या गुरुवारी घेतलं होतं. का घेतलं, ते दुकानदारानं विचारलं नाही म्हणून बरं.

तासाभरात धक्का जमा झाला. हवामानखातं आलं, नर्सबाई आल्या, धक्क्याचा व्यवस्थापक आला. व्यवस्थापक कुठेही उभा राहिला की सभा असल्यासारखा उभा राहायचा. तिनं चहा केला, किटली वर आणली.

"सांगतो तुम्हाला," व्यवस्थापकानं सुरुवात केली, "अकरा बोटी आहेत माझ्या धक्क्यावर. मुलं सगळ्यांना आहेत. येतं कोण? माझ्याकडे नोंदवही आहे, तिच्यात बघा. पाहुणा म्हणून आठवड्याला एकच सही. चार वर्षं. हल्लीच्या दिवसांत अशी मुलगी म्हणजे," इथे त्याला उपमा सापडली नाही, "म्हणजे अशी मुलगी."

"तुमचा मुलगा कुठे असतो?" नर्सबाईंनी विचारलं.

"त्याला कामं फार," व्यवस्थापक म्हणाला आणि चहा प्यायला.

हवामानखात्याचं लक्ष पिंपाकडे होतं. मघापासून तो त्याभोवती दोन फेऱ्या मारून आला होता, झाकणावर टिचकी मारून त्यानं आवाजही ऐकला होता. "एक विचारू का पोरी? राग मानू नकोस. या पिंपाचं काय करणार आहेस?"

"तुम्हाला हवंय?"

"आठवण म्हणून." त्यानं झाकणावर आणखी एक टिचकी मारली. "आणि बनियन धुवायला. मिस्त्रींनी सगळं सांगितलं होतं मला. सोडा, गोटे, सगळं. पण काही तरी एक गोष्ट राखून ठेवली होती. कसबी माणूस ठेवतोच. तुला ठाऊक असणार, तूच उघडायचीस."

"तसं काही नाही हो काका."

"भरलेलं आहे," व्यवस्थापकानं पिंप हलवून बघितलं. "आत कपडे आहेत."

ते खरं होतं. त्या शनिवारी अंगावरून उतरलेला सूट तिनं स्वतःच्या हातानं आत टाकला होता. त्याला आता दोन आठवडे होत आले होते. आणि तिच्या पिशवीत आज बदली सूट नव्हता. एक मिस्त्रींबरोबर गेला होता. एक, झोपेत अंगावर असलेला, घडी घालून पेटीत होता. तिसरा या पिंपात.

"उघड ना," हवामानखातं म्हणालं. "मिस्त्रींचा शेवटचा घाणा. आमच्या समोर निघू दे. दुप्पट मुरलाय, म्हणजे काय निघाला असेल."

तिला नाही म्हणता आलं असतं. पण चार वर्षं पाठ करून ठेवलेल्या बोलण्यात या प्रसंगाला उत्तर नव्हतं. शिवाय नकार दिला असता तर पिंप या माणसाच्या बोटीवर गेलं असतं, त्यानं ते एकटा असताना उघडलं असतं, आणि मिस्त्रींची चाळीस वर्षांची पत एका बनियनपायी गेली असती. तिनं कडी सरकवली आणि झाकण काढलं.

वासानं व्यवस्थापक एक पाऊल मागे गेला. त्यानं ते विनयानं केल्यासारखं दाखवलं.

तिनं बाह्या सारल्या आणि सूट बाहेर ओढला. तो काळा होता. निळा कुठे कुठे शिवणीत दिसत होता. पाण्याच्या वर रॉकेलचं इंद्रधनुष्य तरंगत होतं आणि सुटाच्या पायातून दोन गोटे डेकवर पडले. ती सूट दोन्ही हातांत धरून उभी राहिली, आणि तिला वाटलं, आता हे सगळे मिस्त्रींना हसतील, आणि आपल्याला ते थांबवता येणार नाही.

हवामानखातं पुढे झालं. सुटाची बाही चिमटीत धरून त्यानं डोळे बारीक केले.

"झक्क," तो म्हणाला. "अगदी नव्यासारखा."

त्यानं आजवर सांगितलेल्या अंदाजांत इतका बेधडक एकही नव्हता.

"निघालाच आहे," व्यवस्थापक लांबूनच म्हणाला. "कॉलर तर बघा."

तिनं एकाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. दोघेही अगदी गंभीर होते, आणि खोटं बोलणाऱ्या माणसाची जी कानशिलं तापतात ती दोघांचीही तापली होती. तिनं नर्सबाईंकडे पाहिलं.

"पुरे करा आता," नर्सबाई म्हणाल्या. "माणूस गेला, नाटक कुणासाठी चालवायचं? अगं, सगळ्या धक्क्याला माहीत होतं, पिंप मागणाऱ्या यालासुद्धा."

"काय माहीत होतं?"

"शनिवारी तू येतेस तेव्हा पिशवी हलकी असते आणि जातेस तेव्हा तिच्यातून पाणी गळत असतं. फळीपासून फाटकापर्यंत काळी रेघ. ती रेघ हा व्यवस्थापक तुझ्यामागून पुसायचा."

"धक्का स्वच्छ ठेवणं माझं कामच आहे," व्यवस्थापक कप न्याहाळत म्हणाला.

लेकीच्या हातातला सूट गळत होता. "बाबांना?" तिनं विचारलं.

नर्सबाईंनी सुटाच्या छातीवर बोट ठेवलं. खिसा उजवीकडे होता.

"पहिल्याच आठवड्यात," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं तो माणूस डाव्या खिशात पेन्सिल ठेवतो. नवा सूट घातला, हात डावीकडे गेला, खिसा नाही. माझ्याकडे आला दाखवायला. म्हणाला, पोरीनं कोपरं घासलीत कागदानं, केवढी मेहनत केलीय, आणि खिसा बघायचा राहिला. मोठमोठी पुस्तकं वाचते म्हणे. इतका हसला की मला त्याचा रक्तदाब बघावा लागला."

"मग बोलले का नाहीत?"

"तू तरी कुठे बोललीस? किटलीवर चमचा कशाला वाजवायचा तो? तुझी अदलाबदल उरकायला वेळ मिळावा म्हणून. एकदा लवकर वर आला होता, तुझा अर्धा हात पिशवीत. तसाच खाली गेला परत. तेव्हापासून दोन टोले."

लेक डेकवर बसली. सूट मांडीवर तसाच. साडीचं आता काय व्हायचं ते होऊ दे. ती मोठी हुशार. रहस्यकथांचं अख्खं कपाट तिनं वाचलं होतं आणि चौथ्या प्रकरणात खुनी ओळखून पुढची पानं नुसती खात्रीसाठी वाचायची तिची ख्याती होती. इथे अकरा बोटींना ठाऊक असलेली गोष्ट तिला चार वर्षं कळली नाही. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. तिच्या मनात तर भर दुपारी दिवेसुद्धा लागले नव्हते.

"आणि एक सांगते," नर्सबाई म्हणाल्या. नर्सा पट्टी काढतात ती एका झटक्यात. "या बोटीचं इंजिन बंद पडून दोन वर्षं झाली. दुरुस्तीची कामं त्यानं त्याच्या आधीच सोडली होती, हात थरथरायचा म्हणून. मग सूट मळत कशानं होता?"

हे तिनं कधीच विचारलं नव्हतं. स्वतःलाही नाही.

"शुक्रवारी दुपारी इंजिनाखाली जाऊन पडायचा," हवामानखातं हळूच म्हणालं. "मेलेल्या इंजिनाला तेल देत. आम्ही विचारलं की म्हणायचा, उद्या पोरगी यायचीय, रिकाम्या हातानं कशी पाठवू."

कुणी तरी हसलं. मग सगळेच हसले, तीसुद्धा. हसताना तिला दिसलं की हे हसू तिच्यावर आहे, आणि ते योग्य जागी पडतंय. मघाशी ती वडिलांची पत झाकायला निघाली होती, आणि वडील चार वर्षं तिची झाकत होते.

इथे थांबलं असतं तर चाललं असतं. हसून, नाक पुसून, पिंप हवामानखात्याला देऊन तिला घरी जाता आलं असतं. पण व्यवस्थापकाला समारोप करायची सवय होती.

"आणि विशेष म्हणजे," तो म्हणाला, "तू त्यांना घरी न्यायला तयार होतीस. दर शनिवारी विचारायचीस. अख्ख्या धक्क्याला सांगायचे ते. माझी लेक मला बोलावते, खोली तयार आहे, मीच जात नाही. हट्टी माणूस. तुझ्याकडून काही राहिलं नाही, मनाला लावून घेऊ नकोस."

"खरंच नको घेऊस," हवामानखातं म्हणालं. "तू केलंस ते कुणी करत नाही."

नर्सबाईंनी कप खाली ठेवला. त्या तिच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. बघण्यात त्यांची छत्तीस वर्षं गेली होती.

लेक उठली. पिशवीतून चिमट्यांचं पाकीट काढलं, दातांनी फोडलं. काळा, गळका, वास मारणारा सूट उचलून तिनं दोरीवर टाकला. खांद्याला दोन चिमटे लावले. बाह्यांना दोन. कमरेला चार. मग पायांना. एवढ्या चिमट्यांची त्याला काही गरज नव्हती, वारा पडला होता. पण पाकीट संपेपर्यंत ती लावत राहिली. चोवीस चिमट्यांनी धरलेला तो सूट दोरीवर हात पसरून उभा राहिला आणि त्याच्यातून डेकवर काळे थेंब पडू लागले. मिस्त्री म्हणाले असते, डेक आत्ताच पुसलाय.

"दर आठवड्याला विचारायचे, हे खरं आहे," ती म्हणाली. बोलली ती सुटाशी, पण आवाज सगळ्यांना ऐकू जाईल इतका मोठा होता. लायब्ररीत बोलायची सवय असलेल्या बाईला तो मुद्दाम काढावा लागला. "ते नाही म्हणणार हे माहीत होतं, म्हणून विचारायचे. चार वर्षं तुमचे कपडे घरी नेले बाबा, कारण कपडे नेले की तुम्हाला न्यायला लागत नव्हतं."

व्यवस्थापकानं तोंड उघडलं. नर्सबाईंनी त्याच्या दंडावर हात ठेवला.

"त्या शनिवारी तुम्ही खोलीचं विचारलंत. मला ऐकू आलं होतं. स्पष्ट. खोलीत पुस्तकं नाहीत. तीन खोकी आहेत आणि इस्त्रीचं टेबल आहे. एका दुपारचं काम होतं." तिनं शेवटचा चिमटा नीट केला. "मला ऐकू आलं होतं, बाबा, आणि मी चिमट्यांचं बोलले."